हिवाळ्यात शेतात खरंच काम नसतं का? काटोलकडच्या एका सुनेचं उत्तर

तुमचा प्रश्न असा: तुम्ही पुण्यात वाढलेल्या, लग्न नागपूर जिल्ह्यातल्या पाच एकरांच्या शेतकरी घरात ठरलंय, आणि बोलणी झाली तेव्हा तिकडचे म्हणाले, "धावपळ ती पावसाळ्यात, हिवाळ्यात काही काम नसतं." हे खरं का, हिवाळ्यातला रोजचा दिवस कसा असतो, आणि येताना सोबत काय न्यावं?

ताई, मी काटोल तालुक्यात सून म्हणून आले त्याला चौदा वर्षं झाली. आमचंही वावर पाच एकरांचंच. दोन एकरांत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तिच्यात तुरीच्या ओळी, एकरभर संत्र्याची बाग, एकरभर हरभरा, उरलेल्यात गहू आणि घरापुरता भाजीपाला. एक विहीर, पाच एचपीची मोटार, एक बैलजोडी, एक गाय. तुमचं सासरही थोड्याफार फरकानं असंच असेल.

ते लोक खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. हिवाळ्यातलं काम डोळ्यांना दिसत नाही, एवढंच. पुरुषांचं निम्मं काम रात्री होतं, आणि बायांचं दिवसभरात इतकं बारीक बारीक वाटलेलं असतं की संध्याकाळी कोणी विचारलं "आज काय केलं?" तर सांगताही येत नाही.

रात्रीचं आधी सांगते, कारण सगळा हिवाळा त्याच्याभोवती फिरतो. नोव्हेंबरपासून आमच्या घरी रोजचा पहिला प्रश्न असतो, लाइन दिवसाची आहे की रात्रीची. शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतपंपांच्या वेगळ्या लाइनला, वीज पाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की हे जेवून थोडं पडतात आणि दहाच्या सुमारास निघतात. कानाला मफलर, अंगावर जुनं स्वेटर, हातात काठी आणि बॅटरी, पायात गमबूट. लाइन आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात, डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो, फ्यूज उडतो, मग अंधारात तिकडं जाणं आलं. सगळं सुरळीत झालं तर हरभऱ्यात स्प्रिंकलर लावायचे आणि तीन-साडेतीन तासांनी पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपुढं चक्क कोमट लागतं. हात पाण्यात असेपर्यंत बरं वाटतं. पाइप खाली ठेवला आणि ओल्या बाहीवर वारा लागला, की मग खरी थंडी कळते.

दिवसा पाणी द्यावं, इतकी घाई कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही माहेरी असताना वाटायचं. पण गव्हाचं पहिलं पाणी पेरल्यापासून अठरा ते एकवीस दिवसांत पडलंच पाहिजे, तेव्हाच त्याची मुकुटमुळं फुटतात. ते चुकलं की पुढं कितीही पाणी द्या, फुटवे कमीच राहतात. त्या तीन-चार दिवसांत लाइन रात्रीची असेल तर रात्रीच जावं लागतं. सरकारनं २०१७ मध्ये दिवसा सौर वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना आणली, काही गावांना आता दिवसा वीज मिळते, कोणाच्या वावरात सौर पंपही दिसतात. तुमच्या सासरी काय आहे हे लग्नाआधी नक्की विचारा. सोनं किती घालणार यापेक्षा हा प्रश्न तुमच्या संसाराला जास्त उपयोगी आहे, हे मी मनापासून सांगते.

एका वर्षी याच दिवसांत ह्यांना टायफॉइड झाला. गव्हाचा विसावा दिवस होता आणि लाइन रात्रीची. सासरे म्हणाले, मी जातो. त्यांना एकट्याला पाठवायला माझं मन होईना, मी सोबत निघाले. ह्यांचे गमबूट घातले. दोन नंबर मोठे, ओल्या साऱ्यात पाय टाकला की बूट चिखलात राहायचा आणि पाय वर यायचा. शेवटी काढून बांधावर ठेवले आणि अनवाणी फिरले. दांडाला, म्हणजे पाण्याच्या पाटाला, भगदाड पडलं होतं, मी फावडं घेऊन तिकडं वळले, तेवढ्यात सासरे मागून हळूच म्हणाले, "थांब माय, पाय नको टाकू. परड हाये तिथं." मला काही दिसलं नव्हतं. त्यांनी आवाज ओळखला होता, कुकरची वाफ सुटावी तसा लांब फुत्कार. घोणसेला आमच्याकडं परड म्हणतात. बाकीचे साप थंडीत दडून बसतात, पण घोणशीचा जुगण्याचा काळ हिवाळ्यातच असतो, त्यामुळं ती या दिवसांत बाहेर फिरताना जास्त दिसते. आम्ही दोघं किती वेळ नुसते उभे होतो ते सांगता येत नाही. ती गेली, मग सासऱ्यांनी दांड बांधला. गहू भिजला. घरी आल्यावर सासूबाईंनी माझे पाय चुलीजवळ घेऊन शेकले, बोलल्या काहीच नाहीत.

म्हणून एक नीट लक्षात ठेवा. साप चावलाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडं न्यायचं नाही. माणसाला जास्त चालू न देता सरळ सरकारी दवाखान्यात न्यायचं, सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथं मिळतं.

आता दिवसाचं. सकाळी पाचला चूल पेटते, आधी अंघोळीचं पाणी, मग चहा. गाईला आणि बैलांना कुटार टाकायचं, गाईला ढेप भिजवून द्यायची, कोठ्यातलं शेण काढायचं. थंडी फार असली तर वासराच्या पाठीवर गोणपाट बांधतो. मुलांचे डबे, मग भाकरी बांधून वावर.

कापूस वेचायला आमच्याकडं उन्ह वर आल्यावरच जातात. पहाटेच्या दहिवरानं बोंडं ओली असतात, ओला कापूस वेचला की तो पिवळा पडतो आणि भाव उतरतो. दहा ते पाच कमरेला ओटी बांधून वाकायचं. वेचणीचा दर किलोवर असतो आणि मजूर बाया मिळणं दरवर्षी कठीण होतंय, त्यामुळं घरच्या बाईला सुट्टी नाही. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटात रुततात, थंडीनं आधीच कातडी फाटलेली असते. रात्री झोपताना खोबरेल लावायचं, आमच्या घरात याला कोणी थाट म्हणत नाही.

पूर्वी आम्ही डिसेंबरनंतरही पऱ्हाटीला पाणी देऊन फरदड, म्हणजे त्याच झाडांवरचं जास्तीचं पीक, घ्यायचो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भात जो मार दिला, त्यानंतर बंद केलं. उभ्या पऱ्हाटीवर अळी जगते आणि पुढच्या वर्षीच्या पिकावर येते. चार क्विंटल जास्तीच्या कापसासाठी पुढचं वर्ष पणाला लावू नये, असं माझं ठाम मत आहे आणि घरात मी ते भांडून मान्य करून घेतलं. आता शेवटचा वेचा झाला की पऱ्हाट्या उपटतो, त्या वर्षभर जळणाला पुरतात.

हरभऱ्याचं काम मला सगळ्यांत आवडतं. महिनाभराचा झाला की शेंडे खुडायचे, म्हणजे फांद्या फुटतात आणि घाटे, म्हणजे शेंगा, वाढतात. खुडलेले शेंडे म्हणजे घरची भाजी. ताज्या पानांत कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि कच्चं तेल घातलं की घोळाणा होतो, भाकरीसोबत तो खाल्लात की पुण्याची आठवण थोडी कमी होईल. उरलेली पानं वाळवून ठेवतो. हरभऱ्याच्या पानांवर आंबट रस असतो, त्याला आंब म्हणतात. सासूबाई पहाटे पांढरं धुतलेलं फडकं हरभऱ्यावर पसरतात, दवासोबत आंब त्यात उतरते, ते पिळून बाटलीत ठेवतात, पोट दुखलं तर थोडं पाण्यातून देतात. तीच आंब फाटलेल्या बोटांना मात्र चरचरून झोंबते, म्हणून खुडताना बोटांना चिंधी गुंडाळा.

थंडी आम्हाला हवी असते, हे शहरातल्यांना सांगावं लागतं. गहू आणि हरभरा थंडीवरच पोसतात. भीती असते ती ढगांची आणि धुवारीची, म्हणजे धुक्याची. सकाळी दाट धुवारी आली की तुरीचा फुलोरा गळतो, आणि आभाळ दोन-तीन दिवस भरून राहिलं की हरभऱ्यावर घाटेअळी वाढते. मग वावरात पक्ष्यांना बसायला काड्या रोवायच्या, पानं उलटून अळ्या बघायच्या, जास्त दिसल्या तरच फवारणी. पण थंडीचीही हद्द असते. २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या सकाळी आमच्या बांधावरचं गवत पांढरं दिसत होतं. सासऱ्यांनी रात्रीच काडीकचरा पेटवून वावरभर धूर केला होता आणि हरभऱ्याला हलकं पाणी सोडलं होतं, तरी खोलगटातली तूर काळवंडली. ती कापताना सासरे पूर्ण दिवस एका शब्दानं बोलले नाहीत.

संत्र्याची गोष्ट वेगळी. आमचा आंबिया बहार, म्हणजे फळ दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत उतरतं. व्यापारी झाडावरच सौदा करतो, त्याची माणसं येऊन तोडतात, कॅरेट भरून माल नागपूरच्या कळमना बाजारात जातो. तोडा आटोपला की बागेचं पाणी बंद, यालाच ताण देणं म्हणतात. जमीन हलकी असेल तर महिनाभर, भारी असेल तर त्याहून जास्त. पानं मलूल होतात, पिवळी पडून थोडी गळतात, नव्या माणसाला वाटतं झाडं मेली. पण ताण बसला तरच पुढं फूल येतं. आमच्या विहिरीचं पाणी सगळ्यांना एकदम पुरत नाही. बाग ताणावर असते नेमक्या त्याच दिवसांत गव्हाला पाणी लागतं, म्हणून तर पाच एकरांत दोन्ही जमतं. हा हिशोब मला सासऱ्यांनी बांधावर बसून समजावला तेव्हा हे वावर मला पहिल्यांदा माझं वाटलं. जानेवारी सरता सरता ताण तोडून पाणी सोडलं की काही दिवसांत बाग फुलते आणि तो वास घरापर्यंत येतो. तुमच्या सासरी बाग असेल तर त्या दिवसांत माहेरी जाऊ नका.

जंगली जनावरांबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, रात्रीत हरभऱ्याचा सत्यानाश करतात. एका रात्रीत रोह्यांचा कळप अर्धा एकर खाऊन जातो. म्हणून मचाणावर जागल करायची, शेकोटी पेटवायची, डबे वाजवायचे. वावराभोवती जुन्या साड्या बांधलेल्या दिसतील, त्या याचसाठी. सासूबाईंच्या लग्नातला शालूसुद्धा आमच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन हिवाळे फडफडला. काही जण तारेत चालू लाइन सोडतात. ते बेकायदा आहे आणि त्यानं माणसं मेली आहेत, पाणी द्यायला निघालेला शेजारीच त्यात सापडतो. तुमच्या घरात कोणी असा विचार करत असेल तर नवी सून असलात तरी बोला, गप्प बसू नका.

खाण्याचे लाड मात्र हिवाळ्यातच. ओल्या तुरीचे सोले आणि वांगी, सोल्यांची कचोरी, गवऱ्यांवर भाजलेले रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, आणि वांग्याची भाजी, शेकोटीत टाकलेले हरभऱ्याचे डहाळे. एखाद्या रविवारी बहिणी-भाच्यांना बोलावून वावरातच रोडग्यांचा बेत होतो. त्या दिवशी पुरुष कणीक मळतात आणि रोडगे भाजतात, आम्ही बसून खातो.

हे सगळं काटोल बाजूचं. सासर मौदा-रामटेककडं असेल तर तिथं धान, या दिवसांत मळणी चालू असेल. माझं माहेर भिवापूरचं, तिकडं हिवाळा मिरचीचा. तोडताना हात जळतात, रात्री बाळाला जवळ घ्यायची सोय नाही, आई ताकानं हात धुवायची. तालुका कळवलात तर आणखी नेमकं सांगेन.

नेण्याचं विचारलंत म्हणून: कानटोपी, पूर्ण बाह्यांचं जुनं स्वेटर, चांगली बॅटरी. आणि गमबूट तुमच्या मापाचे स्वतः विकत घ्या. घरात जे असतात ते पुरुषांच्या पायाचे असतात.