सरकारी वकील म्हणून काम करून पुढे निवडणूक लढवता येते का?

तुम्ही पुण्यात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि कमला हॅरिस यांच्यासारखं आधी सरकारी वकील, मग लोकप्रतिनिधी व्हायचंय, तर आपल्याकडे तसा रस्ता आहे का, असं विचारलंय. रस्ता आहे, पण तो हॅरिस यांचा नाही. मी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते, काही वर्षं सरकारी बाजूनेही उभी राहिले आहे. त्या अनुभवावरून लिहिते.

हॅरिस २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी, म्हणजे तिथल्या मुख्य सरकारी वकील, झाल्या त्या मुळात मतं मागूनच. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हे पद निवडणुकीचं असतं. पुढे २०१० ला कॅलिफोर्निया राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल (राज्याच्या सर्वोच्च कायदा अधिकारी) आणि २०१६ ला सिनेटर म्हणून निवडून आल्या. फाशी मागणार नाही, असं त्यांनी प्रचारात सांगितलं होतं. २००४ मध्ये एका पोलीस अधिकाऱ्याचा खून झाला तेव्हा स्वपक्षातल्या मोठ्या नेत्यांचा रोष ओढवूनही त्यांनी शब्द पाळला. आपल्याकडच्या सरकारी वकिलाला असा शब्द देण्यासाठी मतदारच नाहीत. त्याला सरकार नेमतं, आणि त्याची सगळी कसोटी तिथूनच सुरू होते.

आपल्याकडे मुख्य वाटा दोन. सहायक सरकारी अभियोक्ता हे पद एमपीएससीतून भरतात आणि काम दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात असतं. हा पूर्णवेळ शासकीय नोकर, त्याला राजकारणात भाग घ्यायला सेवानियमांनी मनाई आहे. दुसरी वाट सत्र न्यायालयातल्या सरकारी वकिलाची. जिल्हाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून पॅनेल, म्हणजे योग्य वकिलांच्या नावांची यादी, तयार करतात, त्यासाठी किमान ७ वर्षांची वकिली लागते. एखाद्या खटल्यापुरता विशेष सरकारी वकील व्हायचं तर १० वर्षांची.

राजकारणात जायच्या आधी हे काम करावं असं मला मनापासून वाटतं, त्याचं कारण साक्षीदार. खुनाच्या खटल्यात पंच पिंजऱ्यात येतो. पंचनाम्यावरची सही माझीच, म्हणतो, पण मजकूर मला वाचून दाखवला नव्हता. त्याला फितूर ठरवून, कोर्टाच्या परवानगीने, आपल्याच साक्षीदाराचा उलटतपास घ्यायचा असतो. घेता घेता कळतं की तो खोटारडा नाही. आरोपी त्याच्याच वस्तीत राहतो, रोजंदारी बुडवून तो चौथ्यांदा तारखेला आलाय आणि भत्त्यासाठी कुणाकडे जायचं हे त्याला कुणीच सांगितलेलं नाही. कायदा जिथे माणसापर्यंत पोचता पोचता तुटतो ती जागा इथे जितकी स्वच्छ दिसते तितकी कुठल्याही प्रचारसभेत दिसत नाही.

दुसरी गोष्ट, खटला मागे घेण्याचा अर्ज. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२१ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६०. आंदोलनातल्या कार्यकर्त्यांवरचे खटले मागे घ्या, असं सरकार कळवतं. अर्जावर सही मात्र सरकारी वकिलाची लागते, ती त्याने स्वतः विचार करूनच करायची आणि कोर्टाची संमती मिळवायची. नव्या कायद्याने पीडिताचं म्हणणं ऐकणंही सक्तीचं केलंय. आजी-माजी आमदार-खासदारांवरचे खटले तर उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये बजावलं. आता विचार करा, ज्या पक्षाचं तिकीट तुम्हाला उद्या हवंय, त्याच पक्षाच्या कार्यकर्त्यांची फाइल आज तुमच्या टेबलावर आहे. म्हणून माझं ठाम मत आहे की तिकिटाचा विचार मनात आला की त्या दिवसापासून सरकारी फाइल हातात धरू नये.

आपल्याकडचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण उज्ज्वल निकम यांचं. जळगावात वकिली सुरू केली, मग १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटला, मग कसाबचा. त्या कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ ला इथे येरवड्यातच फाशी झाली. २०२४ ला ते मुंबई उत्तर मध्य मतदारसंघातून भाजपतर्फे लढले आणि वर्षा गायकवाड यांच्याकडून १६,५१४ मतांनी हरले. त्यानंतर सरकारने त्यांना पुन्हा विशेष सरकारी वकील नेमलं, त्यावर विरोधकांनी टीका केली. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नियुक्त केलं. त्यांच्या कोर्टातल्या तयारीबद्दल मला आदर आहे. पण पक्षाच्या चिन्हावर लढलेल्या माणसाने परत सरकारी बाजूने उभं राहू नये. आरोपीच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो आणि त्याची झळ पीडिताच्या घरच्यांना बसते.

सुशीलकुमार शिंदे यांची वाट मला जास्त स्वच्छ वाटते. ते सरकारी वकील नव्हते, सोलापूरच्या कोर्टात कर्मचारी, नंतर फौजदार. नोकरी सोडली, मग राजकारणात आले, १९७४ ला करमाळ्यातून आमदार झाले. परत खाकीत गेले नाहीत.

आता तुमच्या कामाचं. लाभाचं पद, म्हणजे सरकारकडून आर्थिक लाभ मिळणारं पद, असेल तर उमेदवार अपात्र ठरतो (आमदारकीसाठी राज्यघटनेचा अनुच्छेद १९१, खासदारकीसाठी १०२). राजस्थानात कांता कथुरिया यांची आमदारकी याच मुद्द्यावर उच्च न्यायालयात गेली, कारण सरकारने त्यांना एका लवादाच्या प्रकरणात विशेष वकील नेमलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवलं की एका प्रकरणापुरतं असं काम म्हणजे ‘पद’ नव्हे. पण न्यायाधीशांत एकमत नव्हतं, आणि दरम्यान विधानसभेला पूर्वलक्षी कायदा करावा लागला होता. तेव्हा त्या निकालाच्या भरवशावर राहू नका. पात्रता अर्जांच्या छाननीच्या दिवशी बघतात. एमपीएससीतून आला असाल तर राजीनामा मंजूर झाल्याचा आदेश, पॅनेलवर असाल तर कार्यमुक्तीचं पत्र, आणि विशेष नेमणुका असतील तर प्रत्येक खटल्याचं वेगळं पत्र, हे सगळं हातात आल्याशिवाय अर्ज भरू नका.