प्रश्न तुमचे : पहिले तीन दिवस

गेल्या दोन महिन्यांत आलेली ही पाच पत्रं लैंगिक अत्याचार या एकाच विषयावरची आहेत. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. उत्तरं कायद्याचं आणि समुपदेशनाचं काम करणाऱ्यांनी मिळून लिहिली आहेत.

भाचीवर ओळखीतल्याच माणसानं जबरदस्ती केली. घरी येऊन तिनं आंघोळ केली, कपडे भिजत घातले आणि गप्प बसली. पाचव्या दिवशी आम्ही फिर्याद दिली. आता जो तो म्हणतोय, उशीर केलात, केस गेली. खरंच गेली का? तेव्हा काय करायला पाहिजे होतं?
— एक मावशी, राजारामपुरी

केस गेलेली नाही. उशीर का झाला ते मात्र जबाबात तिच्या शब्दांत यायला हवं: भीती वाटली, घरी सांगायचा धीर झाला नाही, जे असेल ते. कारण लिहिलेलं नसलं की आरोपीचा वकील नेमका तोच धागा ओढतो. पहिल्या जबाबात राहून गेलं असेल तर पुरवणी जबाब देता येतो.

तेव्हा काय करायचं हे सगळ्यांनीच लक्षात ठेवावं, कारण पहिले तीन दिवस फार मोलाचे असतात. आधी दवाखाना. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, थेट गेलं तरी चालतं, पोलिसांचं पत्र लागत नाही. खासगी दवाखान्यालाही परत पाठवता येत नाही. उपचार मोफत द्यावे लागतात, नाही दिले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. दवाखाना पोलिसांना कळवतो, तो त्यांच्यावर बंधनकारक नियम आहे. पण फिर्याद द्यायची की नाही हे तिनं अजून ठरवलेलं नसलं, तरी उपचार थांबत नाहीत.

गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितकी लवकर घ्याल तितकी लागू पडते. ७२ तासांच्या आत घ्यावी. पाच दिवसांपर्यंत थोडाफार उपयोग होतो. एचआयव्ही टाळण्याची औषधं मात्र ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस न चुकता घ्यावी लागतात. बऱ्याच मुली मळमळतं म्हणून ती आठवड्याभरात सोडतात. डॉक्टरांना सांगून मळमळीवर गोळी घ्या, पण मूळ औषध सोडू नका.

आंघोळ न करता गेलेलं बरं, पण झाली असली तरी जायचंच. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतात. कपडे धुवायचे नाहीत. ओले असतील तर सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. घरोघरी हीच चूक होते. काही पाजल्याचा संशय असेल तर लघवीचा नमुना लवकरात लवकर द्यायचा.

तपासणीला तिची संमती लागते. एखादी तपासणी तिनं नाकारली म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. 'दोन बोटांची चाचणी' (योनीत बोटं घालून आधीच्या संबंधांचा अंदाज बांधणारी) कुणी करू लागलं तर सरळ थांबवा. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती करणं गैरवर्तन ठरवलं आहे. आणि अहवालात 'जखम नाही' असं लिहिलेलं दिसलं म्हणून हातपाय गाळू नका. जखम नसणं म्हणजे अत्याचार न होणं नव्हे.

घटना सांगलीकडची. आमच्या जवळच्या ठाण्यात म्हणाले, 'ही आमची हद्द नव्हे, तिकडं जावा.' कुठं जायचं आम्ही?
— एक वडील, गडहिंग्लज

कुठंच नाही, तिथंच बसायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो. तो शून्य क्रमांकानं (झिरो एफआयआर) नोंदवून हद्दीतल्या ठाण्याकडं पाठवायचं काम पोलिसांचं आहे. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवलंच नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी तक्रार पाठवा. असा गुन्हा नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिन्यांची शिक्षा आहे.

जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, आणि तोही मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं. सही करण्याआधी तो वाचून घ्या, शब्द न् शब्द. 'मैत्री होती' असं ती म्हणाली आणि कागदावर 'प्रेमसंबंध होते' असं आलं, तर पुढं वर्षभरानं उलटतपासणीत तेच बाहेर काढतात. तिथल्या तिथं दुरुस्त करून घ्या. तिला आठवत नाही ते 'आठवत नाही' असंच लिहू द्या. घाबरलेल्या माणसाला घटना तुकड्यातुकड्यांनी आठवते, क्रम मागंपुढं होतो. जुळवाजुळव करायला गेलं की चुका होतात.

आमच्या तालमीत यावर वाद झाला. पोरगी स्वतःहून त्याच्या खोलीवर गेली, ओरडली नाही, झटापट नाही. मग संमती नव्हती असं कसं म्हणायचं?
— एक तरुण, शिवाजी पेठ

बरं झालं विचारलंत, कारण हे मनात अनेकांच्या असतं. खोलीवर जाणं ही खोलीवर जाण्याची संमती आहे, पुढच्या कशाचीही नव्हे. कायद्यात संमती म्हणजे त्या ठरावीक कृतीसाठी, शब्दांनी किंवा वागण्यातून, स्वेच्छेनं आणि स्पष्टपणे दिलेला होकार. केवळ प्रतिकार केला नाही एवढ्यावरून होकार धरता येत नाही, हेही तिथंच लिहिलं आहे. काल हो म्हणाली होती, आज नाही म्हणाली, तर आजचं नाही धरायचं. निम्म्यात नाही म्हणाली तरी थांबायचं. दारूच्या किंवा औषधाच्या अमलाखाली काय चाललंय तेच कळत नसताना दिलेला होकार होकार नसतो. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर तिच्या होकाराला कायद्यात किंमतच नाही.

ओरडली का नाही? आपल्याकडं 'दातखीळ बसली', 'पाय जमिनीला खिळले' असं म्हणतात ते उगाच नाही. जिवावर बेतलं की शरीर पळतं, झुंजतं किंवा थिजतं, आणि यातलं काय होणार हे माणूस ठरवत नाही. कुस्तीत वर्षानुवर्षं घोटून घेतल्याशिवाय डावाला प्रतिडाव सुचत नाही, हे तालमीत वेगळं सांगायला नको. तिला तर कसलाच सराव नव्हता, आणि समोर ओळखीचा, विश्वासातला माणूस.

'जखमा नाहीत, आरडाओरडा नाही' हाच हिशेब एकदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं केला होता. १९७२ साली विदर्भात पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि दोघे पोलीस शेवटी निर्दोष सुटले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर महिला रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. संमतीची आजची व्याख्या आणखी ३० वर्षांनी, २०१३ मध्ये आली. तुमच्या तालमीतला वाद न्यायालयाच्या दारात कधीच संपला आहे.

गल्लीच्या ग्रुपवर 'निषेध' म्हणून त्या मुलीचाच फोटो फिरतोय. योग्य आहे का?
— एक गृहिणी, कसबा बावडा

नाही, आणि तो गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाव लपवून शाळा, गल्ली, वडिलांचा धंदा लिहिला तरी ओळख पटतेच. निषेध आरोपीच्या कृत्याचा करा. ग्रुप चालवणाऱ्याला आजच सांगून फोटो काढायला लावा आणि पुढं पाठवू नका.

भाऊबंद म्हणतात, दोघांचं लग्न लावून द्या, विषय मिटेल. मुलगी तर खोलीतून बाहेर येत नाही.
— एक आई, कागल तालुका

लावू नका. हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. २०१५ साली मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अशा प्रकरणात तडजोडीचा किंवा लग्नाचा विचारच करता येणार नाही असं बजावलं. स्टँपवर लिहून घेतलेल्या समेटानं खटला मिटत नाही, मुलीवरचा दबाव तेवढा वाढतो.

वकिलाचा खर्च ही अडचण असेल तर बावड्याच्या न्याय संकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा. महिलेला उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. अत्याचारपीडितांसाठीच्या सरकारी मनोधैर्य योजनेच्या अर्थसाहाय्याचा अर्जही तिथंच होतो. तातडीला ११२, महिलांसाठी १८१.

मुलीला 'का गेलीस', 'आधी का नाही सांगितलंस' हे कुणालाही विचारू देऊ नका, पाहुण्यांनाही नाही. 'तुझी चूक नाही' हे तुम्ही म्हणा, आणि वडिलांनीही तोंडानं म्हणायला हवं. बऱ्याच घरांत वडील नुसते गप्प राहतात आणि मुलगी त्याचा अर्थ राग असा घेते. जेवणाचं ताट खोलीत न्यावं लागलं तर न्या. कॉलेज, नोकरी कधी सुरू करायची ते तिला ठरवू द्या. झोप लागत नसेल, जीव द्यायच्या गोष्टी बोलत असेल, तर एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी मानसोपचार डॉक्टरांना दाखवा.