ऑटोमॅटिक गाडीला भंगारातला मॅन्युअल गिअरबॉक्स : आरसी, विमा आणि बँकेचा बोजा

प्रश्न : माझ्याकडे २०१६ ची पेट्रोल सेडान आहे, चार गिअरची ऑटोमॅटिक. सेकंडहँड घेतलेली, आरसीवर अजून बँकेचा बोजा आहे. गिअरबॉक्स गेला. कंपनीच्या वर्कशॉपने नव्या गिअरबॉक्सचे १ लाख ७० हजार सांगितले. नांदेडचा एक मिस्त्री म्हणतो, याच मॉडेलची अपघातात टोटल लॉस झालेली मॅन्युअल गाडी भंगारवाल्याकडे आहे, तिचा गिअरबॉक्स, क्लच, पेडल सगळं ५५ हजारांत बसवून देतो. आरसीवर गिअरचं काही लिहिलेलं नसतं, त्यामुळे आरटीओचा संबंध येत नाही. मी २० हजार ॲडव्हान्स दिलाय, जुना गिअरबॉक्स उतरवून झालाय. भंगारवाला पक्कं बिल देत नाही. हे कायद्यात बसतं का? आणि आता थांबवलं तर पैशांचं काय?
— एक वाचक, अहमदपूर (जि. लातूर)

उत्तर : काम आहे तिथेच थांबवा. आजच फोन करा आणि तेच व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठवा. आतापर्यंत झालं आहे ते दुरुस्तीसाठी गिअरबॉक्स उतरवणं. त्यात काही गैर नाही. त्या जागी दुसऱ्या प्रकारचा गिअरबॉक्स चढला की ती दुरुस्ती राहत नाही, वाहनातला बदल ठरते.

मिस्त्री म्हणतो ते अर्धंच खरं आहे. आरसीचा नमुना म्हणजे फॉर्म २३. त्यात चासी नंबर, इंजिन नंबर, सिलिंडर, सीसी, इंधन, आसनं, वजन, रंग असे रकाने आहेत. गिअरबॉक्सचा वेगळा रकाना नाही. पण उत्पादकाने दिलेल्या मॉडेलच्या नावाचा रकाना आहे, आणि ऑटोमॅटिक गाड्यांच्या नावात बहुतेक वेळा ‘एटी’, ‘एएमटी’, ‘सीव्हीटी’ किंवा कंपनीचं त्याच अर्थाचं अक्षर असतं. तुमची आरसी काढा आणि तो रकाना अक्षर न अक्षर वाचा. तिथे ‘एटी’ असेल आणि गाडीत तीन पेडल असतील, तर कागद एक सांगतो आणि गाडी दुसरं.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२(१) मध्ये नेमकी हीच मनाई आहे : आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचलं. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी फारकत घेणारा बदल आरटीओनेही नोंदवून घ्यायचा नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. ‘आधी करू, मग १४ दिवसांत कळवू’ हा जुना सल्ला त्यामुळे आता धोक्याचा झाला. सीएनजी किटला कायद्याने स्वतंत्र वाट ठेवली आहे : मान्यताप्राप्त किट आणि आरटीओची नोंद. गिअरबॉक्ससाठी तशी वाट नाही.

मॉडेलच्या नावात ‘एटी’ नसेल तर? मग मुद्दा कलम ५२ च्या स्पष्टीकरणावर येतो. वाहनाच्या रचनेतल्या ज्या फरकामुळे त्याचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं, तो ‘बदल’. तुमच्या बाजूने म्हणता येईल की याच कंपनीने हेच मॉडेल मॅन्युअलमध्येही विकलं, भाग परके नाहीत, इंजिन तेच आहे. या युक्तिवादात दम आहे, पण माझ्या मते त्यावर विसंबून ५५ हजार घालू नयेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणी संस्थांकडून तपासणी होते, ती उत्पादकाने सादर केलेल्या गाडीची. मिस्त्रीने दोन गाड्या जोडून केलेली तिसरी गाडी कोणी तपासलेली नसते.

शिक्षा कलम १८२अ(४) मध्ये आहे : प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ती मालकाला आहे. शिवाय कलम ५३ खाली नोंदणी निलंबित होऊ शकते. १५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावीच लागते. तुमची ती वेळ २०३१ च्या आसपास येईल.

एक गोष्ट मिस्त्रीला आत्ताच विचारा : तो नुसता गिअरबॉक्स आणणार आहे की इंजिनसकट पूर्ण सेट? फ्लायव्हील, क्लच आणि इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) एकमेकांना जुळलेले मिळतात म्हणून काही गॅरेजवाले इंजिनही बदलून टाकतात. तसं झालं तर आरसीवरचा इंजिन नंबरच चुकीचा ठरतो, आणि तिथे युक्तिवादाला जागाच उरत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती अपघाताची. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकचं पेडल रुंद असतं आणि क्लच पेडलला जागा नसते, म्हणून मॅन्युअल गाडीचा अख्खा पेडल बॉक्स बसवावा लागतो. तो हाती लागला नाही की जुनंच ब्रेक पेडल कापून, अरुंद करून वेल्डिंग मारण्याचा आडमार्ग काढला जातो. दुसरी गोष्ट स्टार्टरची. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’ मध्ये असल्याशिवाय सुरू होत नाही; तो स्विच गिअरबॉक्सवर असतो. गिअरबॉक्स निघाला की गाडी सुरूच होईना, म्हणून त्या दोन वायरी सरळ जोडून देतात. मग गाडी गिअरमध्ये असताना चावी फिरवली की ती पुढे उडी घेते आणि समोर कोणी उभा असेल तर त्याच्या अंगावर जाते. क्लच पेडलवर स्विच बसवून तीच वायर त्यातून न्यायला फार खर्च येत नाही, पण विचारल्याशिवाय कोणी करत नाही. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसतही नाही. ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असलेल्या पातळ चकतीचे, म्हणजे फ्लेक्सप्लेटचे, बोल्ट सहसा आखूड असतात. तेच जाड फ्लायव्हीलला लावले तर आटे पुरेसे धरत नाहीत. आणि इसीयू ऑटोमॅटिकचाच ठेवला तर तो गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर शोधत राहतो, चेक इंजिनचा दिवा लागून राहतो.

हे वकिलाने का सांगावं? कारण अपघात झाला की कलम १३६ खाली गाडीची तपासणी होते. वेल्ड केलेलं पेडल आणि जोडलेल्या वायरी अहवालात येतात. कोणी दगावलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खालच्या निष्काळजीपणाच्या आरोपाला, ज्यात ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तो अहवाल आधार देतो. त्यात मिस्त्री अडकू शकतो आणि गाडीची स्थिती माहीत असून चालवणारे तुम्हीही.

विम्याचं गणित दोन भागांत आहे. समोरच्याची भरपाई सहसा बुडत नाही. पण बदल लपवून पॉलिसी नूतनीकरण केली असेल तर माहिती दडवल्याचा मुद्दा कंपनी कलम १५० खाली घेते, आणि न्यायाधिकरण ‘कंपनीने आधी भरावं, मग मालकाकडून वसूल करावं’ असा आदेश देऊ शकतं. म्हणजे शेवटी बोजा तुमच्या घरावर. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तर सर्व्हेअरने तीन पेडल पाहताच अडतो, कारण तुमची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, ऑटोमॅटिक मॉडेलच्या किमतीवर ठरलेली आहे.

बँकेचं थोडक्यात : कर्जाचा करारनामा काढून वाचा. तारण गाडीत बँकेच्या लेखी संमतीशिवाय बदल करायचा नाही, अशी अट बहुतेक करारांत असते.

आता भंगारवाला. जुने पार्ट वापरणं हा गुन्हा नाही. चोरीचा माल घेणं हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७(२) मध्ये ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि माल चोरीचा असल्याचं ‘समजायला कारण होतं’ एवढं सिद्ध झालं तरी पुरतं. पक्कं बिल द्यायला नकार हे तसं कारण म्हणून तुमच्यासमोर ठेवलं जाईल. कोणताही जुना गिअरबॉक्स घेताना जीएसटी बिल घ्या. त्यावर गिअरबॉक्सचा नंबर आणि ज्या गाडीतून काढला तिचा नोंदणी व चासी नंबर लिहून घ्या. ती गाडी टोटल लॉस असेल तर नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा, स्क्रॅपिंग केंद्रातून आली असेल तर तिथलं प्रमाणपत्र. एम-परिवहन ॲपवर तो नंबर टाकून गाडीची स्थिती स्वतः पाहा. गिअरबॉक्सवरचा नंबर घासलेला दिसला तर तिथूनच परत फिरा.

माझा सल्ला असा : भंगारातूनच घ्यायचं तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घ्या. त्याच मॉडेलचा, त्याच कोडचा. प्रकार तोच राहतो, त्यामुळे कलम ५२ आड येत नाही, विमा आणि बँकेचा प्रश्नही उरत नाही. त्याआधी तुमचा जुना गिअरबॉक्स फक्त ऑटोमॅटिकचं काम करणाऱ्या कारागिराकडून उघडून घ्या, पुण्यात किंवा हैदराबादेत. वर्कशॉप अख्ख्या असेंब्लीची किंमत सांगतं. बिघाड कधी कधी व्हॉल्व्ह बॉडीतल्या (गिअरबॉक्समधलं तेल वळवणाऱ्या भागातल्या) सोलेनॉइडपुरताच, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपेपुरताच असतो. दुसरा बसवलात तर रेडिएटरच्या तळातला ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या धुऊन घ्या किंवा बदला. जुन्या गिअरबॉक्सचा धातूचा कीस तिथे साचतो आणि दुसऱ्याचंही वाटोळं करतो.

तरीही मॅन्युअलच हवी असेल, तर एकच क्रम आहे. कंपनीकडून लेखी विचारा की हे दोन्ही प्रकार एकाच मान्यतेखाली आहेत का. ते उत्तर, बँकेची संमती आणि आरसीची प्रत जोडून तुमच्या आरटीओत आगाऊ परवानगीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर मिळालं नाही तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज करा. त्यात ‘परवानगी मिळेल का’ असं विचारू नका, मत देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. ‘ऑटोमॅटिकचं मॅन्युअल केल्याच्या नोंदींना दिलेल्या मंजुरीच्या व नकाराच्या प्रती, तसंच याबाबतची परिपत्रकं’ असं मागा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. लेखी होकार हातात येईपर्यंत स्पॅनर लागता कामा नये. तोंडी ‘बघू, करा’ याला काही किंमत नाही.

पैशांबद्दल. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मिस्त्रीला द्यावी लागेल. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क त्याला आहे, म्हणून त्यावर भांडू नका. वाजवी मजुरी वजा करून बाकी रक्कम लेखी मागा, १५ दिवसांची मुदत द्या. नाहीच दिली तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, तीही तुमच्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे लातूरला. मुदत २ वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ‘आरटीओचा संबंध येत नाही’ हे त्याने मेसेजमध्ये लिहिलं असेल तर जपून ठेवा; चुकीची माहिती देऊन ॲडव्हान्स घेतल्याचा तो तुमचा पुरावा आहे. मात्र हे सगळं कळल्यावरही काम पुढे नेलंत, तर बेकायदा कामाच्या करारावर दाद मागता येत नाही असं मिस्त्री करार कायद्याचं कलम २३ दाखवून म्हणेल, आणि आयोगापुढे तुमची बाजू लंगडी होईल.

गाडी आणताना जुना गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा भाग) आणि गिअरबॉक्सचा कॉम्प्युटरही ताब्यात घ्या, त्यांचे नंबर लिहून त्यावर मिस्त्रीची सही घ्या. दुरुस्ती करायची ठरली तर तेच लागणार आहेत, आणि दुसरा घ्यायचा ठरला तर कोड त्यावरूनच जुळवायचा आहे.