फुगलेली बॅटरी आणि जॉब शीटवरचा 'फिजिकल डॅमेज'

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागेत राहते. मार्केट यार्डातल्या काही अडत्यांचे हिशेब आणि जीएसटी रिटर्न घरूनच करून देते. मदतीला एक मुलगी आहे. दीड वर्षापूर्वी 62,000 रुपयांचा लॅपटॉप ऑनलाइन घेतला. बिलावर माझा जीएसटी नंबर आहे. लॅपटॉपला तीन वर्षांची वॉरंटी, बॅटरीला एकच वर्षाची. गेल्या महिन्यात बॅटरी फुगली, टचपॅड वर येऊन तडकला. सर्व्हिस सेंटरने जॉब शीटवर 'फिजिकल डॅमेज' लिहून माझी सही घेतली, 21,000 रुपये खर्च सांगितला आणि लॅपटॉप परत दिला. हेल्पलाइनवाले म्हणतात, कुरिअरने बेंगळुरूला पाठवा. काय करू?

उत्तर : कायद्याचं नंतर बघू. आधी तो लॅपटॉप चालू करणं, चार्जरला लावणं बंद करा आणि झाकण दाबून बसवू नका. आत वायू साठून बॅटरीचं पाकीट फुगलेलं आहे. ते दाबलं किंवा टोचलं गेलं तर पेट घेऊ शकतं. कागद-कपड्यांपासून लांब, मोकळ्या फरशीवर ठेवा. ओळखीच्या मेकॅनिककडून उघडून घ्यायचा मोहही आवरा. एक स्क्रू फिरला की कंपनी म्हणणार, बाहेरच्या माणसानं हात लावला.

कुरिअरचं तर विसराच. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बंदी आहे. न सांगता पाठवलीत आणि वाटेत काही झालं, तर निस्तरायला तुम्हालाच लावतील. कंपनीला ई-मेल करा : बॅटरी फुगलेली आहे, कुरिअरने पाठवणार नाही, तुमचा माणूस पाठवा. फोनवरच्या बोलण्याला पुढे कुणी विचारत नाही.

आता जॉब शीट. तुमची केस या एका कागदावर उभी आहे आणि त्यावरचे 'फिजिकल डॅमेज', म्हणजे पडून-आपटून झालेलं नुकसान, हे दोन शब्द तुमच्या विरोधात आहेत. पण सही केली म्हणजे सगळं मान्य केलं असं होत नाही. आजच सर्व्हिस सेंटर आणि कंपनी, दोघांना ई-मेलने कळवा की सही लॅपटॉप जमा केल्याची होती, नुकसानीचं कारण मला मान्य नाही. सोबत फोटो जोडा. लॅपटॉप बाजूने धरून फोटो घ्या, म्हणजे खालचं पॅनल किती सुटलंय ते दिसेल. टचपॅडवर आडवी पट्टी ठेवून मधला उंचवटा दाखवा. चारही कोपऱ्यांचे जवळून फोटो घ्या. पडलेल्या लॅपटॉपच्या कोपऱ्यावर ठेच दिसते. तुमचे कोपरे स्वच्छ असतील, तर तडा आतल्या दाबाने गेला हे फोटोच सांगतील. मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका. डिजिटल पुराव्यासाठीचं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र पुढे लागलं तर ते हवेत.

दावा काय करायचा? माझं स्पष्ट मत : बॅटरीची किंमत मागण्यात तुमची बाजू लंगडी आहे. वर्ष उलटून गेलंय आणि बॅटरी वयाने, उष्णतेनेही फुगते. मुळातच दोष होता हे दाखवायचं तर ग्राहक आयोगामार्फत प्रयोगशाळेत तपासणी करावी लागेल. तिची फी बहुधा तुम्हालाच भरावी लागेल, ती या रकमेला परवडणार नाही. टचपॅड आणि बॉडीचं मात्र तसं नाही. त्यांची वॉरंटी चालू आहे आणि त्यांना इजा केली ती कंपनीनेच बसवलेल्या बॅटरीने. भर तिथेच द्या. 'उत्पादन दायित्व' (सदोष वस्तूने केलेल्या इजेची भरपाई) हा शब्द हल्ली सगळ्यांना ठाऊक झालाय, पण ग्राहक कायद्याच्या त्या प्रकरणात खुद्द वस्तूचं नुकसान धरत नाहीत. टेबल जळालं असतं किंवा हात भाजला असता तर गोष्ट वेगळी होती.

समोरचा वकील जीएसटी नंबरवर बोट ठेवणार : हा व्यापारी वापर, या बाई ग्राहकच नव्हेत. घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा व्यापारी वापरात धरत नाही. एक-दोन मदतनीस असले म्हणून ग्राहकपण जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात म्हटलं आहे. तक्रारीत 'माझी फर्म' असं मोघम लिहू नका. लॅपटॉपवर मी स्वतः काम करते आणि त्यावरच घर चालतं, हे प्रतिज्ञापत्रावर सांगा.

बिलाच्या अटींत 'वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात' असं छापलेलं असेल, तरी ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 च्या कलम 34 प्रमाणे तुम्ही राहता तिथे, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी नाही. वकील न लावताही चालतं. कंपनी, विकणारा आणि सर्व्हिस सेंटर, तिघांनाही सामनेवाले करा. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा. एवढ्या रकमेसाठी कंपन्या पुष्कळदा तिथेच वळतात. वळली नाही, तर पंधरा दिवसांची मुदत देऊन नोटीस पाठवा. आयोगात तक्रार करायची मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. नोटीस पाठवली म्हणून ती वाढत नाही. बॅटरी फुगली तो दिवसच धरून चाला. मानसिक त्रासाचे पाच लाख मागू नका, त्याने खरी मागणी झाकोळते.

कंपनीचा माणूस न्यायला आला, तर 'बॅटरी फुगलेली, कोपऱ्यांवर ठेच नाही' असं नव्या जॉब शीटवर लिहून घेतल्याशिवाय लॅपटॉप देऊ नका. काढलेल्या बॅटरीचीही वेगळी पोच घ्या. केस संपेपर्यंत तो तुमचा पुरावा आहे. बॅटरी घरी परत मागू नका, घंटागाडीत तर टाकायचीच नाही. बाद बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी 2022 च्या नियमांनी उत्पादकावरच टाकली आहे.