बीआयएमच्या अनुभवावर ब्रिटनला यावे का?

नागपूर मेट्रोच्या बांधकामावर बीआयएम (म्हणजे बांधकामाचे सगळ्या माहितीसह संगणकावरचे मॉडेल) समन्वयक म्हणून मिळवलेला अनुभव ब्रिटनमध्ये पायाभूत सुविधांच्या देखभालीच्या नोकरीसाठी पुरेल का, नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन यावे का आणि पुढे परत जाता येते का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसाचे निकष सरकारी संकेतस्थळावर मिळतील, म्हणून ते सोडून बाकीचे लिहिते.

अनुभव पुरेल. मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च जोडणारे पंचमितीय बीआयएम नागपूर मेट्रो उभारणाऱ्या महामेट्रो कंपनीने वापरले, हे इथल्या मुलाखतीत सविस्तर सांगा. मात्र देखभालीच्या बाजूला मॉडेल उभे करण्याचे काम कमी असते आणि बांधकाम संपल्यानंतर त्यातली माहिती खरी ठेवण्याचे जास्त. इथे ब्रिटनमध्ये केंद्र सरकारच्या प्रकल्पांना २०१६ पासून बीआयएम बंधनकारक झाले, आणि बीआयएममधली माहिती कशी सांभाळायची हे सांगणाऱ्या आयएसओ १९६५० या आंतरराष्ट्रीय मानकाचा, वापर व देखभालीच्या टप्प्याविषयीचा तिसरा भाग २०२० मध्ये आला. तुम्ही आजवर बांधकामाविषयीच्या दुसऱ्या भागाप्रमाणे काम केले असेल, तर येण्याआधी तिसरा नीट वाचा. मालकाला कोणती माहिती कशासाठी लागणार आहे, आणि एखादे यंत्र बदलले की त्याची नोंद कोणी बदलायची, हा त्याचा गाभा आहे.

एका भूमिगत स्थानकातल्या पाणी उपसणाऱ्या पंपाचे उदाहरण देते. मॉडेलमध्ये पंपावर क्लिक केले की उत्पादक, क्षमता, बसवल्याची तारीख सगळे दिसत होते, पण अनुक्रमांकाच्या रकान्यात ‘नंतर कळवू’ एवढेच होते, आणि पंपावरच्या पट्टीवरचा टॅग नंबर मॉडेलमधल्या नंबराशी जुळत नव्हता. शेवटची गाडी गेल्यानंतर मिळणाऱ्या मोजक्या तासांत फिटर टॅब्लेट घेऊन शेजारी शेजारी बसवलेल्या दोन पंपांसमोर उभा राहतो, आणि आपल्याला नेमका कोणता उघडायचा आहे हे त्याला कळत नाही. ठेकेदार तर हस्तांतरण करून केव्हाच निघून गेलेला असतो. अशा नोंदी जागेवर जाऊन एकेक जुळवणे हे माझे काम आहे आणि ते मला मनापासून आवडते, कारण त्यामुळे त्या माणसाची पुढची रात्र वाया जात नाही.

एकटेपणा येतो आणि कामाने कमी होतो. त्याची फार धास्ती घेऊ नका.

मुलीच्या शाळेचे मात्र आधी पाहा. आम्ही शैक्षणिक वर्षाच्या मध्येच आलो, त्यामुळे जवळच्या शाळांत जागा नव्हती आणि दोन बस बदलून जावे लागेल अशी शाळा मिळाली. पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माझ्या मुलीला त्या शाळेने, अर्जात घरची भाषा मराठी लिहिलेली पाहून, तिच्याशी धड न बोलताच इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या गटात बसवले. ती नोंद बदलून घेण्यासाठी मी पत्रे लिहिली, भेटी मागितल्या, जुनी प्रगतिपुस्तके दाखवली. तोवर वर्ष संपले होते आणि तिने वर्गात हात वर करणे सोडून दिले होते. आज तिचे उत्तम चालले आहे, तरीही तिचे ते वर्ष मला अजून सलते. इंग्लंडमध्ये शाळेचे वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते, तेव्हा उन्हाळ्यातच या, तिच्या वह्या सोबत आणा आणि प्रत्यक्ष चाचणी घेण्याची मागणी पहिल्याच आठवड्यात लेखी करा.

परत जाण्याचा प्रश्न मला सर्वांत जड गेला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, आणि मार्च २०१९ मध्ये मुंबईत सीएसएमटी स्थानकाजवळचा पादचारी पूल कोसळला, ज्याचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, आधी झालेले होते. अहवाल एकदा लिहून फायलीत जातो. पुलाचा प्रत्येक भाग, त्याची तपासणी आणि दुरुस्ती यांची एकत्र, चालती नोंद ठेवणारा माणूस खात्यातच कायमचा हवा. अशी पदे आपल्याकडे निघाली तर मी अर्ज करीन, असे मी घरी अनेकदा बोलून दाखवते आणि मुलीच्या परीक्षेचा विषय निघाला की गप्प बसते. तुमच्या मेट्रोवर गाड्या धावू लागल्या आहेत, म्हणजे देखभालीच्या नोंदींचे हे काम तिथेही असणारच. तिकिटे काढण्यापूर्वी तिथल्या देखभाल विभागात एकदा विचारून पाहा.