कापसात कुठली आली शर्करा?

यवतमाळकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलाच्या जीवशास्त्राच्या वहीत ज्वारीतला स्टार्च आणि कापसातला सेल्युलोज, दोन्ही 'बहुशर्करा' या एकाच रकान्यात लिहिलेत. "भाऊ, घरात कापसाची गंजी लागली आहे, त्यातलं बोंडभरही गोड लागत नाही. शब्दच चुकला का?"

नाही ताई, शब्द बरोबर आहे. संस्कृतात 'शर्करा' म्हणजे मुळात खडे, रेव. उसाचा रस आटवल्यावर पडलेले दाणे रेवेसारखे दिसले, म्हणून तीही शर्करा. गोडीचा अर्थ मागून चिकटला. आयुर्वेदात तर लघवीतल्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हणतात, त्यात गोड काय असणार! प्राकृतात तिची सक्करा झाली, आपल्याकडे साखर. ग्रीकांकडे जाऊन ती 'साखारॉन' झाली आणि तिथून 'सॅकराइड' बनून आपल्याच पोरांच्या पुस्तकात परत आली. (खडीसाखर म्हणताना आपण खडा दोनदा म्हणतो.)

तेव्हा रकाना वाचताना गोडी विसरा, दाणा धरा. ग्लुकोज, फ्रुक्टोज हे सुटे दाणे, म्हणजे एकशर्करा. दोन जोडले की द्विशर्करा: चहातल्या साखरेत ग्लुकोजला फ्रुक्टोज, दुधातल्या लॅक्टोजमध्ये ग्लुकोजला गॅलॅक्टोज. शेकडो-हजारो ओवले की बहुशर्करा. जिभेला सुटे दाणे किंवा जोडी गोड लागते, लांब माळ लागत नाही.

वाणीच्या ज्वारीचा हुरडा आठवा. कोवळा असताना किती गोड! तेच कणीस वाळलं की गोडी गेली, कारण दाण्यातल्या शर्करेची माळ होऊन स्टार्च झाला. उलटंही करून बघा: भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घोळवत राहा. लाळेतलं अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) माळ तोडतं, माल्टोज ही दोन दाण्यांची जोडी सुटते आणि घास गोडसर लागायला लागतो.

कापूस मात्र दिवसभर चावा, काही होणार नाही. दाणा ग्लुकोजचाच, पण जोड वेगळ्या धाटणीचा, आणि तो तोडणारं विकर माणसाकडे नाही. बैलाच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांकडे आहे, म्हणून त्याचं कडब्यावर भागतं.

माझ्या मते डब्यातली ती 'साखर' आणि वर्गाचं नाव 'शर्करा' एवढा भेद मुलाला वहीत पाळू द्या. राहिली आपल्याकडची 'बाबांना शुगर आहे' मधली शुगर. ती म्हणजे रक्तातलं ग्लुकोज, सुटा दाणा. बिनसाखरेचा चहा पिऊन वर चार भाकरी खाल्ल्या तरी ती वाढतेच.