बाईकची चेन साफ करताय? आधी किल्ली खिशात टाका

भाऊ, पहिल्यांदाच करताय म्हणून एवढंच सांगतो, बाकी हळूहळू येतं. इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी मेन स्टँडवर न्यूट्रलमध्ये आणि चाक हातानेच फिरवायचं. घाईत इंजिन चालू ठेवून गिअर टाकून चेनला फडकं लावणारे मी इंदूरमध्ये खूप बघितलेत, फडकं स्प्रॉकेटमध्ये (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) ओढलं गेलं की बोटं पण सोबत जातात, हे कधीच करू नका, कितीही अनुभव आला तरी.

- धुवायला केरोसिन किंवा चेन क्लीनर, पेट्रोल नको, पेटायची भीती आणि चेनमधल्या रबरी ओ-रिंग पण खराब होतात. ब्रश नरम घ्या, तारेचा नाही.
- चेन पूर्ण कोरडी पुसा, मगच ९० नंबरचं गिअर ऑइल, खालच्या पट्टीला आतल्या बाजूने थेंब थेंब. १५-२० मिनिटं थांबून जास्तीचं पुसून टाका, नाहीतर राजवाड्यापर्यंत जाईस्तोवर धूळ चिकटून काळा चिखल होतो.
- टायरवर, ब्रेकवर तेल उडालं तर लगेच साफ करा, गाडी घसरते.

दर ५०० किलोमीटरला करा, पावसात भिजली तर त्याआधीच. चेन ताणायचं सध्या राहू द्या.